दोनाला पाच म्हणाले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा प्रतीक्षानं तो प्रश्न विचारला म्हणून.

प्रतीक्षा आमच्या लॅबमधली नवी मुलगी. मी वाळूजच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला आहे, बावीस वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यावर रंगीत खोकी होती आणि बोटभर उंचीचे पुतळे — योद्धे, राक्षस, पंख असलेल्या राण्या.

"मॅडम, तुम्ही हे खेळता ना? मला सांगा, घेण्यासारखं असतं का हो? का नुसता पैशाचा चुराडा?"

साधा प्रश्न. यापूर्वी लोकांनी विचारला तेव्हा मी अर्धा-अर्धा तास बोललेय त्यावर. कोणतं खोकं आधी घ्यावं, रंग कुठले चांगले, सगळं. त्या दिवशी मात्र डब्यातली गवारीची भाजी चिवडत बसले. "बघू, सांगते," म्हणाले. ती म्हणाली, "मॅडम, हो की नाही एवढंच सांगा." आणि तेच तर मला सांगता येईना.

आधी खेळ काय तो सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना आपापली फौज मांडायची. पट्टीनं अंतर मोजून एकेक पुतळा पुढं सरकवायचा, आणि दोन पुतळे भिडले की फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर वार बसला, लहान आला तर फुकट गेला. पुतळे करड्या प्लास्टिकचे येतात, रंग आपण द्यायचा. आणि खोक्यात कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. हवा तो निघाला नाही की दुसरं खोकं आणायचं. मग तिसरं. पन्नाशीकडं झुकलेल्या बाईनं हे करावं का? माझा नवरा अजूनही त्यांना बाहुल्या म्हणतो.

मला हा नाद पुण्यात लागला. कंपनीच्या प्रशिक्षणाला गेले होते, संध्याकाळी एका दुकानात चार मोठी माणसं टेबलावर वाकलेली दिसली — इतकी गुंग, की मी दारात उभी राहिले तरी कुणी वर बघेना. दोन खोकी घेऊन आले. एक माझ्यासाठी, एक नसरीनसाठी. शहरात मला न हसणारी एकच बाई होती, ती म्हणजे नसरीन.

नसरीन मूळची सिल्लोडची, मी देवगाव रंगारीची. शिकायला इथं आलो तेव्हा हॉस्टेलच्या एका खोलीत पडलो. ती चित्रकलेच्या डिप्लोमाला, मी बी.एस्सी.ला. सगळ्यात ती पुढं. आवाज चांगला, हात चांगला, हसली की समोरचा हसायचाच. तीन वर्षांत मी तिला कॅरममध्ये दोनदा हरवलं असेल, आणि त्यातल्या एकदा तिला ताप होता. माझ्या लग्नात मेंदी तिनं काढली. पाहुण्या बायका माझा चेहरा सोडून हातच बघत होत्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. का सांगतेय मग? — तुम्हीच ठरवा. मला तिचा राग कधी आला नाही. निदान मला तसं वाटायचं.

पुढं ती एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली, मी वाळूजला लागले. संसारात दोघी गुरफटलो. भेटी कमी झाल्या, लग्नकार्यापुरत्या उरल्या. आणि मग ती दोन खोकी आली. रविवारी दुपारी दोनला ती रोशन गेटहून स्कूटी काढून सिडकोत माझ्याकडं यायला लागली. आम्ही जेवणाच्या टेबलावर फौजा मांडायचो. फाशांचा खडखडाट आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून परातीत जुन्या शालीचा तुकडा अंथरलेला असायचा, त्यात फासे टाकायचे. परात माझ्या बाजूला असायची, कारण तिच्या बाजूला रंगांच्या बाटल्या असायच्या.

आणि तिनं ते पुतळे काय रंगवावेत! तांदळाएवढ्या चेहऱ्यावर डोळे काढायची, भुवया काढायची, श्वास धरून. स्वतःची फौज झाली, मग माझीही तिनंच रंगवली. "तुझे सगळे हिरवे ठेवते नंदा, तुला शेत आवडतं ना," म्हणाली. चार वर्षं असे रविवार गेले. त्या चार वर्षांपुरतं विचाराल तर — हो, घेण्यासारखं आहे. डोळे झाकून घ्या. माझ्या घरात इतकं हसणं त्याआधी कधी नव्हतं.

पण तिच्या पहिल्याच खोक्यात गरुडराणी निघाली होती. गरुडाचं तोंड, दोन बाजूंना पसरलेले पंख. लई दुर्मीळ. मला ती हवी होती. किती खोकी फोडली ते विचारू नका, नवऱ्यालाही खरं सांगितलेलं नाही. नाही निघाली. आणि नसरीनला त्याचं काहीच नव्हतं हो. ती म्हणायची, "घे ना तूच, मला काय करायचीय?" तिनं अशी सहज देऊ करावी, याचाच मला — जाऊ द्या. मी घेतली नाही. हरत मात्र राहिले. कॅरमसारखीच हरत राहिले.

दिवाळीनंतरचा एक रविवार. माझा शेवटचा मोठा योद्धा तिच्या राणीसमोर उभा होता. पाच किंवा सहा आला तर राणी पडणार, नाहीतर माझा खेळ संपणार. मी फासा टाकला. आमचे फासे गडद जांभळे, त्यावर बारीक सोनेरी ठिपके. कुणालाही जरा वाकूनच वाचावे लागायचे. परातीत दोन आला होता. स्पष्ट दोन.

नसरीननं समोरून विचारलं, "किती गं?"

"पाच," मी म्हणाले.

एवढंच. तोंडातून पाच गेलं, आणि मी फासा उचलून मुठीत घेतला. ती क्षणभर परातीकडं बघत राहिली. मग चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. "बरं, पाच तर पाच," म्हणाली आणि राणी उचलून बाजूला आडवी ठेवली.

ते चष्मा पुसणं मला आज दिसतं. त्या दिवशी दिसलं होतं का? दिसलं असेल, तर मी त्याचा काय अर्थ लावला? आठवत नाही. खरंच आठवत नाही, की आठवायचं नाही — यातला फरक मला आता कळेनासा झालाय.

माझं कामच आकडे वाचायचं आहे. काट्यावर जो आकडा दिसेल तो लिहायचा, खाली सही करायची, शेजारी दुसऱ्याची सही घ्यायची. बावीस वर्षांत एक आकडा इकडचा तिकडं केलेला नाही. एकदा साहेबांनी सुचवलं तेव्हाही नाही म्हणाले होते. मग घरी, रविवारी, एका खेळात, जिच्यावर जीव होता तिच्याशी — का? मी पुष्कळ उत्तरं करून बघितली. एकही बसत नाही.

एकदा झालं असतं तर विसरूनही गेले असते. पण पुढच्या रविवारी पुन्हा झालं. मग दर रविवारी एखादं, कधी दोन, कधी तीन. कधी माझ्या फाशाचं वाढवायचं, कधी तिच्याचं कमी करायचं. तिला तिचा फासाही मीच वाचून दाखवायचे, परात माझ्या बाजूला म्हणून. मी जिंकायला लागले. ती हसून म्हणायची, "नंदाबाई, कुठल्या दर्ग्यात मन्नत मागितली?" मी चहा टाकायला उठायचे. चहा टाकताना मला आनंद होत होता — हे लपवून काय उपयोग? होत होता. आणि त्याच वेळी तिच्याकडं पाठ आहे याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

संक्रांतीच्या सुमाराला ती रिक्षानं यायला लागली. विचारलं तर म्हणाली, स्कूटीचा कंटाळा आला. मग रंगवणं थांबलं. नवे पुतळे तसेच करडे पडून राहायचे. एकदा आपले सगळे बारीक ब्रश शाळेतल्या मुलींना वाटून टाकले म्हणाली. मी विचारलं, "असं का गं?" ती म्हणाली, "किती दिवस करायचं?" तिला साखरेचा त्रास होता, थकत असेल, असं मी मनाशी म्हणाले. दोन वेळा तिला सांगितलंही, "तब्येतीला जप." फासे मात्र तसेच वाचत राहिले.

मग उन्हाळा सुरू झाला. रोजे चालू होते, त्यामुळं चहा नव्हता. खेळ संपला, मी जिंकले होते. ती पुतळे खोक्यात भरत होती. मान वर न करता म्हणाली, "नंदा, मी शाळा सोडतेय. अर्ज दिला काल."

मी म्हणाले, "काय बोलतेस?"

"डोळे चाललेत माझे. अम्मीचे गेले तसेच."

तिच्या आईला साखरेनं शेवटी काही दिसत नव्हतं. सिल्लोडच्या घरात भिंतीला हात लावत चालायची, मी बघितलंय. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का.

"दाखवलं ना. तो म्हणतो, पडद्याला थोडासा त्रास आहे, साखर सांभाळा, बाकी बिनधास्त काम करा. त्याचं काय, तो भिंतीवरची मोठाली अक्षरं वाचून घेतो. मला बारीक कामाचं कळायला पाहिजे होतं." मग ती थोडी लाजल्यासारखी हसली. "हसू नको हं. मी काय करायची माहितेय? फासा पडला की आधी मी इथूनच बघायची, मनात आकडा धरायची. मग तुला विचारायची. गेल्या वर्षीपासून चालू आहे माझं. आधी कायम जुळायचा. दिवाळीनंतर चुकायला लागला. मला दोन दिसतो, तू म्हणतेस पाच. मला चार दिसतो, तू म्हणतेस एक. थोडंथोडकं धूसर असतं तर समजले असते. हे तर भलतंच दिसतं. पोरांच्या चित्रांना मार्क कशी देऊ मी? एखाद्या पोरीवर अन्याय झाला तर?"

मी टेबलावरची पट्टी उचलली आणि परत ठेवली.

"तुला आधी सांगितलं असतं," ती म्हणाली, "पण तू मग मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम आकडे फिरवले असतेस. मला खरं पाहिजे होतं. तू खोटं कशाला सांगशील?"

आता तुम्ही म्हणाल, त्याच वेळी का नाही बोललीस? एका वाक्याचं काम होतं. 'नसरीन, तुझे डोळे बरोबर आहेत, मी लबाडी करत होते.' मोजलेत तर नऊच शब्द. मी ते मनात इतक्यांदा म्हटलेत की आता मला ते दुसऱ्या कुणाचे वाटतात. त्या दिवशी मी काय म्हणाले? म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या का?" ती नको म्हणाली. मग मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले, आणि जिन्यात तिचा हात धरला. पायरी दिसणार नाही म्हणून. तिला पायरी दिसत होती! मला माहीत होतं. आणि तिनं मला हात धरू दिला.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, तोवर मागं घेता येतो. हे मला तिच्या नवऱ्यानं, इक्बालभाईंनी सांगितलं. त्यांनी मला मुद्दाम फोन केला होता. "भाभी, तुमचं ऐकते ती. तुम्ही एकदा समजावून बघा. शाळेशिवाय तिला करमणार नाही." मी हो म्हणाले. ईदला त्यांच्याकडं गेले, ठरवून गेले होते. शीरखुर्मा खाल्ला, दोन वाट्या. तिच्या सासूबाईंशी गुडघ्यांवर बोलले. निघताना इक्बालभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली — म्हणजे, ऐकत नाही हो ती. विचारलंच नव्हतं मी तिला.

आणि गोंधळ असा, की तिच्या डोळ्यांत थोडासा दोष होताच. डॉक्टर म्हणाला होता तसं. मग तिचे जे आकडे चुकले त्यातले माझे किती, आणि तिच्या डोळ्यांचे किती? मी आठवून बघते. दिवाळी ते उन्हाळा, दर रविवारी दोन-तीन. ती नंतर एकदा म्हणाली होती, दहात तीन-चार चुकायचे. माझा हिशोब तिथवर पोचत नाही. मग उरलेले तिचे स्वतःचे होते का? की मी माझी लबाडी कमी मोजतेय? दर वेळी वेगळं उत्तर येतं. एखाद्या दिवशी वाटतं, तिचे डोळे तसेही जाणारच होते. त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. म्हणजे मैत्रिणीचे डोळे खरंच जावेत, असं मला वाटतंय का? इतकी वाईट आहे का मी?

शाळेत निरोप समारंभ झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुलींनी तिचं मोठं चित्र काढून दिलं, रडल्या. तिला शाल दिली, श्रीफळ दिलं. बोलायला उभी राहिली तेव्हा म्हणाली, "आता माझी काळजी करू नका, मला आकडे वाचून दाखवायला माझी नंदा आहे." सगळ्यांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

त्यानंतर मी कधीही खोटा आकडा सांगितला नाही. एकदाही नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही — कारण त्यातूनच पुढचं झालं, आणि खरं सांगायचं ते हेच आहे. इथपर्यंतचं सगळं मी बहुतेक याच्यासाठी लांबवत होते.

रविवार बंद पडले नाहीत. ती येतच राहिली. पावसाळा संपत आला तेव्हा एकदा खेळता खेळता ती थांबली. म्हणाली, "थांब, सांगू नको. तीन आहे?" तीन होता. पुढचा. "सहा?" सहा होता. परातीच्या पलीकडून, मान पुढं काढून, तिनं ओळीनं बारा-तेरा आकडे सांगितले. सगळे बरोबर. एकदा फासा परातीच्या अगदी माझ्याकडच्या कडेला गेला तेव्हा चारला पाच म्हणाली, तेवढंच. ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

"नंदा! परत आले गं! या अल्लाह — परत आले माझे डोळे!"

तिनं मला मिठी मारली. मग खुर्चीवर बसून रडली. मग डोळे पुसून जांभळा फासा हातात घेऊन लहान मुलीसारखा न्याहाळत बसली. आणि एकदम तिनं मूठ मिटली. तिचा अर्ज केव्हाच मंजूर झाला होता. तिच्या नावाची पाटी शाळेतून निघाली होती.

"मी घाई केली का गं?" तिनं विचारलं. "थोडं थांबायला पाहिजे होतं का? का डोळे आधीपासून ठीकच होते?"

इतकं सरळ तिनं मला कधी विचारलं नव्हतं. समोर बसली होती, हातभर अंतरावर. नवरा गावाला गेला होता, घरात आम्ही दोघीच. याहून सोपी वेळ मला आयुष्यात मिळाली नसती.

मी म्हणाले, "नाही गं. शाळा सोडलीस, विश्रांती मिळाली, म्हणून सुधारले. सोडली नसतीस तर गेलेच असते."

पहिला पाच तोंडातून निसटला होता असं मी म्हणू शकते. हे निसटलं नव्हतं. मी विचार केला, शब्द निवडले, आणि बोलले. आवाजही मऊ ठेवला.

तिनं मुठीतला फासा परातीत ठेवला. मग म्हणाली, "हौ. खरंय तुझं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल."

याला दोन वर्षं झाली. तिचे डोळे तसेच आहेत, डॉक्टर दर वेळी तेच सांगतो. ती घरी असते. पुतळे पुन्हा रंगवत नाही, डोळ्यांवर ताण नको म्हणते. मी नको म्हटलंय असं ती इक्बालभाईंना सांगते. मागच्या रविवारी बोलता बोलता तिनं सांगितलं, शाळेनं तिच्या जागी कुणाला घेतलंच नाही. चित्रकलेचा तास आता गणिताला देऊन टाकलाय. मुली भेटल्या की कुरकुर करतात म्हणाली. सांगताना ती हसत होती. मीही हसले.